आई-बाबा उन्हाळ्यात बे एरियात आलेत? मग ईस्ट बेच्या रीजनल पार्कात कुठे, कधी आणि कसं जायचं ते वाचा

जूनमधे शाळा संपल्या की इकडे फ्रिमाँट, डब्लिन, सॅन रमोन पट्ट्यातल्या मराठी घरांत दर शुक्रवारी रात्री एकच चर्चा चालू असते, उद्या जायचं कुठे. आई-बाबा भारतातून आलेले, मुलं स्क्रीनला चिकटलेली, आणि मग कुणीतरी योसेमिटी किंवा टाहो काढतं. म्हणजे चार तास जायचे, चार तास यायचे, वाटेत ट्रॅफिक, आणि गाडीत बसून बसून बाबांच्या पायांना सूज. एकदा दाखवायला ते ठीकच आहे, पण आई-बाबा चांगले तीन-चार महिने राहणार असतील तर बाकीचे वीकेंड घराजवळच्या ईस्ट बे रीजनल पार्क्समधे घालवा असं मी मनापासून सांगते. वीस-पंचवीस मिनिटांत पोचता, दुपारच्या झोपेला घरी परत, आणि बघायला खरंच खूप काही आहे.

आधी थोडी माहिती, म्हणजे हे काय प्रकरण आहे ते कळेल. ही नॅशनल पार्क नाहीत, स्टेट पार्क नाहीत आणि शहराची बागही नाही. अलामिडा आणि कॉन्ट्रा कोस्टा या दोन काउंट्यांसाठी एक वेगळी संस्था आहे, ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट. १९३४ साली महामंदी चालू असताना, लोकांच्या हातात पैसा नसताना, इथल्या मतदारांनी स्वतःवर कर लावून घ्यायला हो म्हटलं आणि त्यातून ही पार्कं उभी राहिली. पहिली काही १९३६ मधे झाली, बर्कलीच्या डोंगरातलं टिल्डन त्यातलंच. आज ७० च्या वर पार्कं आहेत आणि ट्रेल्स १,२०० मैलांपेक्षा जास्त. अजूनही मोठा खर्च प्रॉपर्टी टॅक्समधूनच निघतो, म्हणजे या दोन काउंट्यांत घर असेल तर तुम्ही पैसे भरताच आहात, मग जा की हक्काने.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पार्क निवडताना फोटो बघून निवडू नका, खाडीपासून म्हणजे बे पासून ते किती आत आहे ते बघा. इथला उन्हाळा आपल्याकडच्यासारखा सगळीकडे सारखा नसतो. पॅसिफिकचं पाणी ऐन उन्हाळ्यातही थंडगार, आतली सेंट्रल व्हॅली तापलेली, तिथली हवा गरम होऊन वर गेली की समुद्रावरची गार हवा आणि धुकं गोल्डन गेटमधून, म्हणजे खाडीच्या तोंडातून, आत ओढलं जातं. पण ओकलंड-हेवर्डच्या डोंगरांची रांग मधे आडवी येते, त्यामुळे पलीकडे लिव्हरमोर, अँटिऑकपर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं. परिणाम असा की एकाच दुपारी अलामिडाच्या बीचवर लोक जॅकेट घालून बसलेत आणि लिव्हरमोरला १०० फॅरनहाइट, म्हणजे आपलं ३८ सेल्सियस. आई-बाबांना सेल्सियसमधेच सांगा, "शंभर डिग्री" ऐकून त्यांना काहीच अंदाज येत नाही.

तर सोपा हिशेब असा. घराजवळ ३० सेल्सियसच्या वर जाणार असेल तर पाण्याकडे जा, म्हणजे कायोटी हिल्स किंवा अलामिडाचा क्राउन बीच, नाहीतर दाट झाडीत, म्हणजे रेडवूड. उघडे पिवळे डोंगर, सुनोल, मिशन पीक हे सगळं फक्त सकाळी. आणि हे डोंगर पिवळे का म्हणून आई-बाबा नक्की विचारतील, कारण आपल्या मनात उन्हाळ्यानंतर पाऊस हे पक्कं बसलेलं असतं. इथे पाऊस हिवाळ्यात येतो, मे पर्यंत गवत वाळतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थेंब पडत नाही. सह्याद्री जेव्हा हिरवागार असतो तेव्हा इथले डोंगर सोनेरी असतात. मला ते सुंदरच वाटतात, विशेषतः संध्याकाळच्या उन्हात, पण सावलीची अपेक्षा ठेवून जाल तर हाल होतील.

पहिल्याच आठवड्यात, जेटलॅग अजून उतरलेला नसताना, न्यायचं तर कायोटी हिल्स. फ्रिमाँटमधे डम्बार्टन ब्रिजच्या जवळ आहे, गाडीचे ५ डॉलर. जेटलॅगमुळे आई-बाबा पहाटे चारला उठून बसलेलेच असतात, त्याचा फायदा घ्या आणि गेट उघडल्या उघडल्या पोचा. बे व्ह्यू ट्रेल म्हणून साधारण साडेतीन मैलांचा गोल रस्ता आहे, डांबरी, टेकड्यांना वळसा घालून जातो, एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खाडी. हो, मिठागरं! वसई-उरणकडची मंडळी असतील तर त्यांना लगेच ओळखीचं वाटतं. पूर्ण गोल झेपणार नसेल तर दलदलीतल्या लाकडी पुलावरून थोडं फिरलं तरी चालतं, तिथे बगळे, बदकं, पेलिकन छान दिसतात. या भागात ट्युइबन ओलोनी या इथल्या मूळ रहिवाशांची २,००० वर्षांपेक्षा जुनी वस्ती होती, शिंपल्यांचा मोठा ढीग हीच त्या वस्तीची खूण. ती जागा बंदिस्त आहे, ठराविक दिवशी माहितगार माणसाबरोबरच आत जाता येतं, व्हिजिटर सेंटरमधे चौकशी करा. दुपारी इथे वारा फार सुटतो, आईला स्कार्फ बरोबर घ्यायला सांगा.

तिथून दहा मिनिटांवर आर्डनवूड फार्म आहे. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं त्या धामधुमीत आलेल्या पॅटरसन नावाच्या माणसाची ही शेती, त्याचं जुनं घर अजून उभं आहे, शेतीही जुन्या पद्धतीने करून दाखवतात. गाई, शेळ्या, कोंबड्या, मका, निलगिरीची उंच झाडं. ज्यांचं लहानपण गावाकडे गेलंय त्या आजी-आजोबांना इथे बोलतं करायला काही करावंच लागत नाही, नातवंडांना ते स्वतःच सगळं दाखवत सुटतात. सोमवारी बंद असतं आणि छोटी ट्रेन ठराविक दिवशीच चालते, मुलांना ट्रेनचं कबूल करायच्या आधी दिवस बघून घ्या.

आता रेडवूड. ओकलंडच्या डोंगरात आहे, पूर्ण नाव राइनहार्ट रेडवूड रीजनल पार्क. बरेच जण पाहुण्यांना रेडवूडची उंच झाडं दाखवायला गोल्डन गेटपलीकडच्या म्युअर वूड्सला नेतात, तिथे पार्किंगचं आधी रिझर्वेशन लागतं आणि गर्दी प्रचंड, त्यापेक्षा मी इथेच नेईन. झाडं तितकी जुनी नाहीत हे खरं, कारण इथलं मूळ जंगल १८५० च्या आसपास सॅन फ्रान्सिस्को बांधायला तोडून नेलं. त्या मूळ झाडांतली काही एवढी उंच होती की गोल्डन गेटमधून आत येणारी जहाजं त्यांच्याकडे बघून दिशा ठरवायची. पण गंमत बघायची असेल तर स्ट्रीम ट्रेलवर चालताना झाडांच्या बुंध्यांकडे नीट बघा, बऱ्याच ठिकाणी पाच-सहा झाडं गोल करून उभी दिसतील आणि मधली जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत जुनं झाड होतं. ते तोडलं, पण मूळ जिवंत राहिलं आणि कडेकडेने धुमारे फुटले, तीच ही आजची झाडं. बाबांना एकदा दाखवलं की पुढे प्रत्येक गोल तेच शोधून दाखवतात. रेडवूड गेटने आत गेलात तर सुरुवातीचा रस्ता पक्का आणि जवळजवळ सपाट आहे, गुडघेवाल्यांनाही जमतो, मधे मधे पिकनिकची बाकं आहेत, बाहेर ऊन तापलेलं असतानाही आत गारवा. मोबाइलला रेंज मात्र धड मिळत नाही, दोन ग्रुप होणार असतील तर भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा.

फ्रिमाँटच्या मिशन पीक या शिखराबद्दल थोडं कडक लिहिणार आहे. उंची २,५१७ फूट, स्टॅनफर्ड अव्हेन्यूकडून जाऊन-येऊन सहा मैल, २,००० फुटांपेक्षा जास्त चढ आणि सावली अजिबात नाही. वरच्या त्या खांबाजवळचा फोटो सगळ्यांना हवा असतो, म्हणून लोक दुपारी बाराला हातात अर्ध्या लिटरची बाटली घेऊन चढायला लागतात, बरोबर सिंहगड चढलेले बाबा, "हे काय, सहज जाईन" म्हणणारे. अहो पण सिंहगडावर वर पिठलं-भाकरी आणि ताक मिळतं, इथे वर पाण्याचा नळसुद्धा नाही. उन्हाळ्यात जायचंच असेल तर उजाडताना सुरुवात करा, माणशी किमान दोन लिटर पाणी, चिमूटभर मीठ-साखर घातलेलं असेल तर उत्तम, आणि नऊ-साडेनऊपर्यंत उताराला लागा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर शिखर राहू दे, तिथूनच खाली फिरायचं, आणि घाम यायचा थांबला किंवा माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागला तर सरळ ९११. बीपी किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर हा ट्रेल उन्हाळ्यात नकोच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. उतरताना खडी सरकते, गुडघ्यांवर सगळा भार येतो, काठी घ्या. पार्किंगची जागा छोटी आहे आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत परमिटशिवाय गाडी लावता येत नाही, पाट्या वाचा. ओलोनी कॉलेजकडून गेलात तर तिथे पैसे भरून पार्किंग मिळतं आणि त्या बाजूने थोडी झाडंही लागतात.

सुनोलला लिटल योसेमिटी म्हणून जागा आहे, ओढ्यातले मोठमोठे खडक, रुंद कच्च्या रस्त्याने दीड-दोन मैल चालून जायचं. नावावर जाऊन धबधबा बघायला ऑगस्टमधे जाऊ नका, तेव्हा डबकी उरलेली असतात, आणि त्यात उतरायला मनाई आहे. हे मार्चमधलं ठिकाण आहे.

पोहायचं म्हणाल तर फ्रिमाँटला क्वारी लेक्स, प्लेझंटनला शॅडो क्लिफ्स, बर्कलीच्या डोंगरात लेक अँझा, आणि दिवसभर घालवायचा असेल तर लिव्हरमोरच्या दक्षिणेला लेक डेल व्हाये. क्वारी लेक्स ही मूळची खडी काढायच्या खाणींची खोदलेली जागा आहे, आता अलामिडा क्रीकचं पाणी त्यात सोडून जमिनीत मुरवतात आणि तेच पुढे विहिरींतून फ्रिमाँटच्या घरांत नळाला येतं. म्हणजे ज्या तळ्याच्या काठावर आपण डबा खातोय तिथलं पाणी आपल्याच पिण्यात येणार आहे. डायपर, प्लॅस्टिक, निर्माल्य काहीही त्यात जाता कामा नये हे मुलांना याच शब्दांत सांगा, लगेच पटतं.

पोहायच्या ठिकाणी पार्किंगचे वेगळे आणि पाण्यात उतरायचे माणशी वेगळे थोडे पैसे असतात. लाइफगार्ड सीझनपुरते आणि ठराविक वेळेतच असतात, आणि दोरीने आखलेल्या भागाबाहेर पोहायचं नाही. आपल्यातल्या पुष्कळ मोठ्या माणसांना पोहता येत नाही आणि तरी मुलांच्या मागे कमरेइतक्या पाण्यात जातो, ओले सुती कपडे जड होतात, तळ एकदम खोल जातो, खालचं पाणी बर्फासारखं गार असतं. लाइफगार्ड असतात तिथे लाइफ जॅकेट वापरायला देतात, लाजू नका, मागून घ्या, मोठ्यांनीही घाला. हवा भरलेली रिंग म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. आणि मुलं पाण्यात असताना एका माणसाचं काम फक्त बघणं, फोन खिशात, तासाने पाळी बदला. निघायच्या आधी पार्क डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर त्या तळ्याची पाण्याची स्थिती बघा, कारण उष्णतेत निळं-हिरवं शेवाळ वाढतं, ते विषारी असू शकतं, तेव्हा पोहणं बंद करतात. कुत्रा असेल तर जास्तच जपा, तो तेच पाणी पितो आणि अंग चाटतो. आणि लेक चॅबोमधे पोहायला मुळातच परवानगी नाही, तिथे बोट घ्या नाहीतर काठाने फिरा.

वीकेंडचं झालं, पण खरा प्रश्न सोमवार ते शुक्रवार, तुम्ही ऑफिसात आणि आई-बाबा घरात, गाडी नाही. डब्लिन, सॅन रमोन, डॅनव्हिल भागात राहत असाल तर आयर्न हॉर्स ट्रेल घराजवळूनच जात असेल. जुनी रेल्वेलाइन होती, रूळ काढून तिथे पक्का सपाट रस्ता केलाय, डब्लिन-प्लेझंटनच्या बार्ट (इथली लोकल ट्रेन) स्टेशनपाशीही येतो. फ्रिमाँट-युनियन सिटीवाल्यांना अलामिडा क्रीक ट्रेल, नाइल्सपासून थेट खाडीपर्यंत १२ मैल, दक्षिणेकडचा काठ पक्का आहे. पहिल्या दिवशी बरोबर जाऊन कुठून चढायचं कुठून उतरायचं ते दाखवा. एक गोष्ट मात्र नक्की शिकवा. इथे उजव्या बाजूने चालायचं, आणि मागून सायकलवाला "ऑन युअर लेफ्ट" ओरडला तर आपण उजवीकडेच राहायचं. आपली माणसं "लेफ्ट" ऐकून गडबडीने डावीकडे सरकतात, बरोबर सायकलच्या समोर. दोघं-तिघं असतील तर रस्ताभर पसरून चालू नये हेही सांगा. खिशात घराचा पत्ता, तुमचा नंबर आणि चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी.

कुत्र्यांना घाबरणारं कुणी असेल तर हे वाचा. या पार्कांत आतल्या बऱ्याच ट्रेल्सवर कुत्री पट्ट्याशिवाय चालतात, मालकाचं ऐकत असतील तर नियमाने परवानगी आहे. त्यामुळे अशा माणसांना आर्डनवूडला न्या, किंवा टिल्डनमधल्या नेचर एरियात, दोन्हीकडे कुत्र्यांना बंदी आहे. टिल्डनच्या लिटल फार्ममधे प्राण्यांना खायला घालता येतं पण फक्त सेलरी आणि लेट्यूस, पोळी-ब्रेड अजिबात नाही. टिल्डनमधे १९११ चं मेरी-गो-राउंड आणि छोटी वाफेची ट्रेनसुद्धा आहे, लहान मुलांचा दिवस आरामात जातो.

पैशांचं आणि बुकिंगचं थोडक्यात. बऱ्याच पार्कांत गाडीचे साधारण ५-६ डॉलर, काही ठिकाणी फक्त वीकेंडला घेतात, कितीतरी ठिकाणी फुकट. उन्हाळाभर जाणार असाल तर रीजनल पार्क्स फाउंडेशनची फॅमिली मेंबरशिप घ्या, पार्किंग आणि पोहणं त्यात येतं. वाढदिवस किंवा पंचवीस-तीस जणांची पिकनिक असेल तर पिकनिक एरिया आधी बुक करावा लागतो, ८८८-३२७-२७५७ हा पार्क डिस्ट्रिक्टचा नंबर, कॅम्पिंगही तिथेच, आणि जुलैची बुकिंगं वसंतातच भरायला लागतात. मोठ्या स्पीकरवर गाणी लावायला वेगळं परमिट लागतं. आगीचा धोका वाढला की कोळशाच्या शेगड्या बंद करतात, कधी कधी पार्कच बंद ठेवतात, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री अलर्ट बघायची सवय लावा. सिगरेटला बंदी आहे, आणि वाळलेल्या गवतावर गाडी लावू नका, तापलेल्या सायलेन्सरनेसुद्धा पेट घेतं.

डब्याला मेथीच्या दशम्या, लसणाची चटणी, काकडी, दही-भात, आणि कोकम सरबत थर्मासमधे, मला तरी याहून चांगलं काही सुचत नाही. भेळेचं सामान सुटं न्या, तिथे कालवा. उरलेलं खारींना घालू नका. आणि हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते, ट्रेलहेडवरच्या बऱ्याच टॉयलेटमधे पाणी नसतं, हात धुवायलाही नाही. गाडीत एक वेगळी पाण्याची बाटली, मग, साबण आणि टिश्यू ठेवा, आई तुम्हाला दुवा देईल. पर्स, पासपोर्ट गाडीत दिसेल असं ठेवू नका, काचा फुटतात. पासपोर्ट तर घरीच राहू दे.

आता पॉयझन ओक, म्हणजे अंगाला लागलं की पुरळ उठवणारं झुडूप. आई-बाबांना समजावून सांगायचं तर "इकडचा बिब्बा" म्हणा, कारण ते बिब्बा, काजू आणि आंब्याच्याच कुळातलं आहे आणि बिब्बा उततो तसंच अंगावर उततं. तीन-तीन पानांचा झुपका, मधल्या पानाला जरा लांब देठ, बाजूची दोन पानं अगदी जवळ जवळ, कडा लाटेसारख्या. वसंतात चकचकीत हिरवं असतं, उन्हाळ्यात लाल व्हायला लागतं आणि तेव्हा इतकं सुंदर दिसतं की हात लावावासा वाटतो. मुलांना ट्रेलच्या कडेला एकदा प्रत्यक्ष दाखवा, लांबून. हे उततं ते त्याच्या तेलाने, आणि पानं गळलेल्या काडीवरही ते तेल असतं. ट्रेलच्या मधोमध चाललात तर काही होत नाही.

रॅटलस्नेक उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ वाटेवर येऊन बसतात. खुळखुळ्यासारखा आवाज आला की थांबायचं, कुठे आहे ते बघायचं आणि हळूच मागे व्हायचं, दगड मारायचे नाहीत. खडकामागे न बघता हात घालायचा नाही. चावलाच तर ९११ लावा, माणसाला शांत बसवा, अंगठी-बांगड्या काढा, आणि आवळून बांधणं, चिरणं, चोखणं, बर्फ यातलं काही करू नका. गाई ट्रेलवर आडव्या येतात त्या माजलेल्या नसतात, पण वासरू आणि गाय यांच्या मधून जायचं नाही, आणि नमस्कार करायला, हात लावायला जवळ तर अजिबात नाही.

संध्याकाळी जाणार असाल तर जून-जुलैत साडेआठपर्यंत उजेड असतो म्हणून भान राहत नाही, पण गेट बंद व्हायची वेळ प्रत्येक पार्काची वेगळी आहे आणि ती आत शिरतानाच पाटीवर लिहिलेली असते, फोटो काढून ठेवा. घरी आल्यावर बूट दाराबाहेर, ट्रेलवरचे कपडे सरळ वॉशिंग मशिनमधे, आणि सगळ्यांनी साबणाने हात-पाय कोपरा-ढोपरापर्यंत धुवायचे, म्हणजे पॉयझन ओकचं तेल लागलं असेल तर निघून जाईल. मुलांच्या कानामागे, काखेत, केसांत गोचीड आहे का बघा, असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल लावू नका. कुत्रा असेल तर त्याच्या बोटांच्या बेचक्यात आणि कानात गवताची कुसळं शोधा, ती आत आत सरकतात.